जिन्याखाली कोण आहे?

गिरगावातल्या एका वाडीतलं दुमजली घर पाडायला निघालं होतं. सामान गेलं होतं, विजेचे मीटर काढून नेले होते, भिंतींवर कॅलेंडरांच्या जागचे पांढरे चौकोन तेवढे उरले होते. घर पाडणाऱ्यांचा मुकादम शेवटची फेरी मारत जिन्यापाशी आला. जिन्याखालच्या कोनाड्यात शेंदूर माखलेला नारळ होता आणि त्याच्यापुढे हिरव्या बांगड्या. त्याने घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना विचारलं, "आजी, इथे कोण आहे?" आजी म्हणाल्या, "सासऱ्यांची पहिली. बाळंतपणात गेल्या. मी काही त्यांना पाहिलेलं नाही." मुकादमाने मान डोलावली. "मग नुसत्या नारळावर नाही भागायचं, आजी. साडी-चोळी करा, एक सवाष्ण जेवू घाला. मग आमची पोरं हात लावतील." आजी म्हणाल्या, "शुक्रवारी करते हो." तो म्हणाला, "करा. सोमवारी कौलं उतरवतो." बोलणं एवढंच झालं, पण ते डोक्यातून जात नाही. "काय आहे" असं त्याने विचारलं नाही, "कोण आहे" असं विचारलं. दारावरची पाटी वाचून झाल्यावर आत कोण राहतं ते विचारावं, इतक्या सरळ.

त्या दोघांच्या बोलण्यात भूत हा शब्दही आला नाही. जुन्या घरांतून तो सहसा येतच नाही. "त्या", "थोरल्या", "वरचा", "जागेवाला", फार तर "आपल्याकडचं" असं म्हणतात. मुंबईतल्या पछाडलेल्या जागांच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यातली भुतं मात्र सगळी एका साच्यातली असतात. पांढरी साडी, मोकळे केस, लिफ्ट मागणारी बाई. तिचं माहेर कुठलं, ती गेली कशाने, तिला काय हवंय, यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. हे भाड्याचं भूत. घरातल्या भुताला नातं असतं, ठरलेली जागा असते, तिथी असते आणि नैवेद्यही ठरलेला असतो. चारातलं एक कमी पडलं तर घरातलीच माणसं म्हणतात, ते काही नाही, घूस असेल.

या मंडळींची नीट नोंद झाली ती एका प्रश्नावलीमुळे. आर्थर जॅक्सन या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून समजुती, देवदेवस्की, भुतंखेतं यांची माहिती लिहून मागवली होती. हाच तो नाशिकचा कलेक्टर, 1909 साली अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या. त्याच्यामागे ते कागद एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने लावून घेतले आणि कोकणचा भाग 1915 साली छापून आला. मास्तरांनी हिशेबीपणे लिहिलेल्या त्या माहितीत मुंजा आहे, समंध आहे, हडळ, अलवंत, जखीण, गिऱ्हा, चकवा, खवीस सगळे आहेत. आणि प्रत्येकापुढे रूपाचं वर्णन थोडं, मरणाचं कारण आधी. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. निपुत्रिक गेला, ज्याचं क्रियाकर्म धड झालं नाही, तो समंध. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. नवरा मागे ठेवून गेली ती जखीण. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेली ती अलवंत, कुठे तिलाच हडळ म्हणतात. नावं आणि व्याख्या तालुक्यागणिक सरकतात, पण मांडणी तीच. मृत्यूंची नोंदवही ठेवणारा कारकून याहून वेगळे रकाने आखणार नाही. आणि त्या रकान्यांत बायकांच्या मरणाला इतकी नावं आहेत, की घराघरांतून नेमकं काय चाललं होतं ते कुणी वेगळं सांगायला नको.

बाळंतिणीची खोलीच बघा. घरातली सगळ्यात अंधारी, बहुधा मधली किंवा माजघरालगतची, जिला खिडकी नाही किंवा असलेली खिडकी फडकी कोंबून बंद केलेली. वारा लागू नये म्हणून दार लोटलेलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, वेखंड, लसणाची सालं यांची धुरी. बाजेवर बाई आणि कुशीत मूल. कोळसा धुमसत असतो तोवर डोळे चुरचुरतात आणि कुणीतरी शेगडी बाहेर नेतं. चांगला फुललेला निखारा मात्र धूर करत नाही, आणि बंद खोलीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, भास होतात, आणि उठून दार उघडावं एवढंही सुचत नाही. त्यात दाईच्या हाताने किंवा फडक्याने झालेला संसर्ग असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढतो, बाई वाती वळल्यासारखी बोटं हलवते, आढ्याकडे बघून बोलते, मूल दूर लोटते. बाहेर ओसरीवर बसलेल्या माणसांनी याला काय म्हणावं? हडळ लागली म्हणत. आणि ती गेली, की पुढच्या बाळंतिणीला त्याच खोलीत, त्याच बाजेवर, तीच शेगडी. तिलाही छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटे. कोण बसतं, हे आता सगळ्यांना माहीत झालेलं असे.

तीच गोष्ट सटवाईची. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता, आणि बायकांनी रात्र जागवायची. मुलाला एकटं टाकायचं नाही. आता नवजात बाळाचा धनुर्वात बघा. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली, किंवा नाळेवर राख-शेण लावलं, की तो बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. दोन दिवस नीट पिणारं मूल पिणं थांबवतं, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. पाचवी-सहावीची रात्र नेमकी त्या धोक्याच्या टप्प्यात पडते. कुठल्या दिवसांत मूल हातचं जातं, हे आज्यांना अचूक ठाऊक होतं. कशाने जातं ते ठाऊक नव्हतं. ज्या विळ्याने नाळ कापली तोच विळा पुसून राखणीसाठी उशाखाली ठेवत, यातली क्रूर थट्टा कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं.

1886 साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, 1926 साली परळला वाडिया प्रसूतिगृह आलं. पहिल्या पिढीतल्या बायका तिकडे जायला कुरकुरल्या, पुढे ते अंगवळणी पडलं. हडळीला मांत्रिकाने घालवलं नाही. उकळत्या पाण्यात टाकलेल्या कात्रीने घालवलं. तरी जुन्या घरांत ती मधली खोली झोपायला कुणी घेत नसे. तिथे तांदळाच्या कोठ्या, गाद्यांची वळकटी आणि गणपतीची आरास ठेवत.

विहिरीचं प्रकरण आणखी मजेशीर, कारण त्यात महापालिकाही आली. मुंबईच्या वाड्यांतून तेव्हा जागोजागी विहिरी होत्या. डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात शहरातल्या हिवतापाचं मूळ बऱ्याच अंशी या विहिरींत दाखवलं. अॅनोफिलीस स्टीफेन्सी जातीचा डास त्यांत वाढत होता. विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असा तगादा सुरू झाला आणि घरमालकांच्या हरकती येऊ लागल्या. कुणाला पूजेला उघड्यावरचं पाणी हवं होतं, कुणाच्या विहिरीत पीर होता, कुणाच्या विहिरीत घराण्याचा राखणदार. महापालिकेच्या कारभारात असलेल्या रुस्तम मसानी यांना या हरकतींत इतका रस वाटला, की जलदेवता आणि पाण्यातल्या भुतांवर त्यांनी आख्खं पुस्तकच लिहिलं, 1918 साली. झाकण चालेल, पण त्यात जाळीचं दार ठेवा, हा तोडगा त्या काळातलाच. डासाला आत जाता येऊ नये, आतल्याला बाहेर येता यावं. सरकारी कामात असा समजूतदारपणा पुन्हा कधी दिसला असेल, शंका आहे.

विहिरीतला बहुधा मुंजा नाहीतर गिऱ्हा असतो. त्यालाही कारणं आहेत. आठव्या वर्षी मुंज झालेला मुलगा हा घरातला असा जीव, ज्याला संध्येसाठी पहाटे एकट्याला आडावर पाठवत. काठ शेवाळलेला, कठडा गुडघ्याएवढा, ओली लंगोटी, हातात कळशी. पोरगा गेला की मुंजाने ओढला. दुसरा प्रकार उन्हाळ्यात, गाळ काढायच्या वेळी घडे. खोल, बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीत तळाशी जड वायू साठतो, प्राणवायू उरत नाही. उतरलेला माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. "एक घेतला की जोडीला दुसरा घेतोच," हे गिऱ्ह्याबद्दलचं बोलणं तिथून आलेलं असावं आणि ते शब्दशः खरं आहे. जाणते गडी आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत. ज्योत मंदावली किंवा विझली तर उतरायचं नाही. झाडाच्या फांद्या किंवा पाण्याच्या बादल्या वरखाली करून हवा ढवळायची, पुन्हा कंदील सोडायचा. यालाच कुणी म्हणे, आधी दिवा दाखवून परवानगी मागतात. म्हणू देत. कंदिलाने तरी काही जीव वाचत. तोही नेहमी पुरतोच असं नाही, काही वायूंत ज्योत तेवत राहते आणि माणूस पडतो.

या झाल्या नात्यातल्या व्यक्ती. याखेरीज प्रत्येक जुन्या घरात नुसते आवाजही असत, ज्यांना कुणाचं नाव देता येत नसे. घर सागाचं, खांब-तुळयांवर उभं, वर कडीपाट किंवा फळ्यांची जमीन, माथ्यावर मंगलोरी कौलं. पावसाळाभर लाकूड ओल पितं आणि फुगतं, दारं घासू लागतात. ऑक्टोबरच्या उन्हाने ते सुकायला लागलं की आडव्या अंगाने आकसतं, खाचांत बसवलेले सांधे सरकतात, गंजलेले खिळे तणावातून सुटतात. दिवसभर रस्त्याच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही. रात्री अकरा-बारानंतर पत्रे, लाकूड, कौल सगळं निवू लागतं आणि टक्, टक् सुरू होतं. फळ्यांच्या जमिनीचं तर आणखीच. दिवसभर पावलांनी दाबलेल्या फळ्या रात्री एकेक करून पूर्वजागेवर येतात. लोक चालतात त्या वाटेवरच्या फळ्या सगळ्यात जास्त दबलेल्या, त्यामुळे आवाजही त्याच वाटेने, दारापासून खिडकीपर्यंत. माडीवर आजोबा फेऱ्या मारतात ते असे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जास्त मारतात, आणि पितृपक्ष नुकताच होऊन गेलेला असल्यामुळे त्याचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागत नाही.

कौलांवर चालतो तो कांडेचोर, म्हणजे उदमांजर. मांजराहून लांब, पावलाला जड, एका आंब्यावरून दुसऱ्या घराच्या वळचणीला रोज त्याच वाटेने जाणारा. मुंबईत अजून आहे, झाडं आणि फटी शिल्लक आहेत तिथे. त्याच्या अंगाला सुवासिक तांदळाचा भात शिजतोय असा वास येतो. रात्री दोन वाजता, चूल विझलेली असताना, माडीवरून आंबेमोहोराचा वास आला तर घरातल्या म्हाताऱ्यांना कोण आठवणार? पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडाने अंडी घातली असतील तर पिल्लं रात्रभर खाणं मागतात, आणि तो आवाज घुबडाच्या घूत्कारासारखा मुळीच नसतो. दमेकऱ्याने ओढून श्वास घ्यावा तसा असतो. तिसरा आवाज खास मुंबईचा. पाणी पहाटे ठरावीक वेळेलाच येणार. मधल्या वेळेत नळ रिकामे होतात, त्यांत हवा भरते. चार-साडेचारला पाणी सुटलं की ते हवेला पुढे रेटतं आणि उघडी राहिलेली तोटी आधी फुरफुरते, मग लांबलचक कण्हते, मग पाईप भिंतीवर दोनदा-तीनदा आपटतो. मोरी बहुधा जिन्यालगत. तिथे कोण कण्हतं म्हणून पाहायला उतरलेल्या माणसाला फक्त थेंबथेंब गळणारा नळ दिसतो. त्यावर उपाय सोपा. तोटी पूर्ण बंद ठेवायची आणि पाईपला भिंतीशी दोन ठिकाणी पकडी मारून घ्यायच्या. कोणी करत नसत. त्या कण्हण्याने पाणी आल्याचं कळे.

आता एवढं सगळं समजावून झाल्यावर जिन्याखालचा नारळ उचलून टाकावा का? इथेच गोची आहे. आवाजांचं कारण सापडलं म्हणून सासऱ्यांची पहिली बायको मेलीच नव्हती असं होत नाही.

ती होती. वय सोळा-सतरा असेल. तिचा फोटो नाही, घराच्या कुठल्या कागदावर नाव नाही. दुसरी आली, तिला मुलं झाली, घर तिच्या नावाने वाढलं. पहिलीची आठवण ठेवायची जबाबदारी कोणावर टाकली, तर दुसरीवर. सवतीच्या नावाचा चांदीचा किंवा सोन्याचा टाक करून तो दुसरीने गळ्यात घालायचा. नवी साडी आली की आधी तिच्या नावाने देवापुढे ठेवायची, मग आपण नेसायची. हळदीकुंकवाचं पहिलं बोट टाकाला. भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, सवाष्ण जेवू घालायची. याला भीती म्हणा, श्रद्धा म्हणा, पण व्यवहार म्हणून पाहिलं तर मेलेल्या मुलीला घरात वाटा ठेवला होता, वर्षाला एक साडी आणि एक पान. जिवंतपणी तिला तेवढं तरी मिळालं असेल का, कोण जाणे. लग्नामुंजीच्या आधी एका मुंज झालेल्या मुलाला बोलावून जेवू घालतात तेही असंच. आपल्याकडचा जो राहून गेला त्याच्या नावाने. पितृपक्ष तर या बाबतीत फारच व्यवस्थित. सवाष्णींना नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांना चतुर्दशी, तिथीच माहीत नसलेल्यांना सर्वपित्री अमावास्या. सगळ्यांना कुठे ना कुठे बसवलेलं. जो यातून सुटला, ज्याचं घरच्यांनी नाव टाकलं, तो जिन्याखाली जाऊन बसतो. त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी करून यायचं, हे मग पुढचं.

आणि हो, भुतं वाटणीच्या वेळी जास्त दिसतात. वडील गेले, चार भाऊ, पागडीचं घर, एकाला वरची माडी हवी. तोवर तीस वर्षं गप्प असलेली विधवा आत्या अचानक माडीवर दिसू लागते. बघणारा भाऊ खोटं बोलतो असं नाही. त्या माडीवर आत्याचा हक्क होता आणि तो आपण सगळ्यांनी मिळून बुडवला, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वकिलापुढे ते कुणी बोलत नाही, म्हणून आत्याला स्वतः यावं लागतं.

घरगुती उपायांत मात्र काळाने गंमत केली आहे. दृष्ट काढायची तर मूठभर खडेमीठ, चमचाभर मोहरी, पाच किंवा सात सुक्या लाल मिरच्या देठासकट. डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ओवाळायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर जबर लागली होती. निखाऱ्यावर मिरची आधी तापते, मग भाजते, मग धुरते, तेव्हा ठसका हमखास. गॅसच्या ज्योतीवर ती एकदम पेटून कोळसा होते आणि ठसका थोडाच येतो. त्यात वर चिमणी चालू असेल तर संपलंच, तो सगळा बाहेर. त्यामुळे मॉड्युलर किचन झाल्यापासून घरातल्या प्रत्येक पोराला जबर दृष्ट लागलेली निघते. ज्यांना खरंच पडताळा हवा त्यांनी लोखंडी तवा कोरडा तापवून, गॅस बारीक करून, चिमणी बंद ठेवून मिरच्या त्यावर टाकाव्यात, आणि दम्याचं माणूस असेल तर त्याला आधी शेजारी पाठवावं. उताऱ्याचंही तेच. दहीभात, वर कुंकू, अर्ध्या लिंबाच्या फोडी, अमावास्येला तिन्हीसांजेला तिकाटण्यावर ठेवायचा, मागे न बघता परत यायचं, पाय धुऊन घरात शिरायचं. आता तिकाटण्यावर सिग्नल आहे, मागे न बघता रस्ता ओलांडणं हीच मोठी जोखीम. शिवाय पत्रावळीऐवजी प्लास्टिकची बशी ठेवतात. भात कावळा-कुत्र्याने खाल्ला तरी बशी राहते, आणि सकाळी ती उचलते झाडूवाली बाई. घराची पीडा अखेर कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न जुन्या काळीही अवघडच होता.

गिरगाव-लालबागच्या वाड्यांतून कोकणातली माणसं जास्त. त्यांच्याकडे सगळ्यांच्या वरचा म्हणजे जागेवाला. तो कुणाचा नातेवाईक नसतो. आपण येण्याआधीपासून त्या जमिनीवर आहे तो. त्याला वर्षाला एक नारळ, आणि काही नवं करायचं झालं की आधी गाऱ्हाणं. जुनी इमारत सोडायच्या दिवशी चाळीच्या चौकात असं गाऱ्हाणं घालतात तेव्हा पागडीवाले, मालक, बिल्डरची माणसं सगळे हात जोडून उभे असतात. "बा जागेवाल्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझी जागा सोडून जातत, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "बिल्डरान कबूल केलेलो भाडो येळेवर दिवची बुद्धी त्येका दी, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तीन वर्सांत इमारत उभी रवांदे, कोर्टकचेरीचो अडसर असलो तर दूर कर, आणि ह्या लेकरांका परत ह्याच जागेर आण रे म्हाराजा!" या शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला आवाज सगळ्यात मोठा निघतो. करारनाम्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम 33 (7) खाली प्रत्येक भाडेकरूला निदान 300 चौरस फूट, देखभालीसाठीचा कॉर्पस निधी, तोवरच्या तात्पुरत्या घराचं म्हणजे ट्रान्झिटचं भाडं, पार्किंगचा वाद, सगळं पानोपानी असतं. जागेवाल्याचा उल्लेख नसतो. तो एकटाच असा, जो ट्रान्झिट कॅम्पात जात नाही. पायलिंगची यंत्रं आली तरी तिथेच असतो म्हणतात, आणि पहिला खांब ओतायच्या आधी बिल्डरचा इंजिनियर गुपचूप नारळ वाढवतो तो त्याच्याच नावाने.

मुकादमाच्या माणसांचा क्रम ठरलेला असतो. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, मग माडीच्या फळ्या, तुळया आणि शेवटी खांब. भिंती त्यानंतर. जुन्या ब्रह्मी सागाला गिऱ्हाईक तयारच असतं. तो चिरला की आत अजून तेलकट आणि वासाचा निघतो, आणि त्याचं कुठल्यातरी हॉटेलातलं टेबल होतं. जिना बहुतेक अखंड उतरवतात, त्याला भाव जास्त.

मग टॉवर येतो. मधली खोली नाही, पोटमाळा नाही, आड नाही, मोरी नाही, जिन्याखाली कोनाडा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी वाटे, आता भुतांना बसायला जागाच उरली नाही. पण अग्निशमनाच्या नियमांनी ती करून ठेवली. उंच इमारतींत ठरावीक मजल्यांवर आगीच्या वेळी थांबायला मोकळी जागा सोडावी लागते, रिफ्यूज एरिया. तिथे कुणी राहत नाही, सामान ठेवता येत नाही, बाजू उघडी, दिवे जेमतेम. वारा कठड्यातून शिरतो आणि शीळ घालतो. लिफ्टचं म्हणाल तर वीज गेली की बॅटरीवरचं यंत्र तिला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं, म्हणजे अधूनमधून रिकामी लिफ्ट नेमकी तिथे उघडणारच. कारण माहीत असूनही रात्री एकट्याने त्या मजल्यावर उतरायला पोरं धजत नाहीत.

आणि तिथे कोण असतं, हे वॉचमनला विचारलं तर बहुतेक टॉवरमध्ये एकच उत्तर येतं. इमारत बांधताना वरून एक मजूर पडला होता. खरं असेल, नसेल, पण बांधकामांवर माणसं पडतात हे काही खोटं नाही. नाव काय त्याचं? "ते नाही माहीत." गाव? "तिकडचा कुठला तरी. मालदा, मुर्शिदाबाद." कुठल्या महिन्यात पडला? वॉचमन तेव्हा दुसऱ्या एजन्सीत होता. गिरगावातल्याच एका टॉवरमध्ये सोसायटीने शांत करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा गुरुजींनी संकल्पासाठी नाव आणि गोत्र विचारलं. मुसलमान असेल तर, अशी शंका कुणीतरी काढली. बिल्डरकडे विचारावं म्हटलं तर तो विषय कमिटीतल्या कुणालाच काढायचा नव्हता. शेवटी तळमजल्यावर सत्यनारायण झाला, प्रसाद घरोघर गेला, आणि लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून दाराचा सेन्सर बदलून घेतला.